पान्यांचा सेट: 'मेड इन' पाहून घ्यावा का? मदत हवी आहे

एकाच जर्मन ब्रँडचे दोन सेट समोर आहेत. एकावर 'मेड इन तैवान', दुसऱ्यावर 'मेड इन चायना'. मोटारसायकलच्या रोजच्या कामाला हवेत. दोन्हींवर 'क्रोम व्हॅनेडियम' (पोलादाचा प्रकार) कोरलंय, पण हीट ट्रीटमेंट (पोलाद तापवून-थंड करून कडक करणं) कशी झाली हे त्यावरून कळत नाही आणि खरी मेख तिथंच आहे. बारकोडही पाहिला, दोन्हींचे पहिले तीन आकडे जर्मनीच्या ४००–४४० मधलेच. पण त्यातून नंबर कुठे नोंदवलाय एवढंच कळतं, कारखाना नाही. चायनाच्या पान्याचं प्लेटिंग जबड्याच्या कडेला खडबडीत लागतं, तरी नटावर दोन्ही सारखेच घट्ट बसतात. हार्डनेस टेस्टरची सोय नाही. देशाचं नाव बाजूला ठेवून, नुसत्या डोळ्यांनी आणि हातानं नेमकं काय तपासावं?