मालक, परवानाधारक की भोगवटादार?

खर्डेघाशी: एका ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. पहिल्या पानापासून 'मालकाने हे करावे, ते करू नये'. शेवटच्या करारात मात्र आतलं सॉफ्टवेअर 'लायसन्स्ड, नॉट सोल्ड', म्हणजे परवान्यावर दिलेलं, विकलेलं नाही. इंजिनाचा कंट्रोलर (त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू) बदलला, तर कंपनीच्या माणसाने लॅपटॉप जोडून नवा भाग नोंदवल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही. मग रोख पैसे मोजलेला हा माणूस त्या करारात कोण? संपादक म्हणतात, सरसकट 'वापरकर्ता' करा. मला पटत नाही.

झेंडूबाम: भोगवटादार! ताबा त्याचा, उपभोग त्याचा, वरचा हक्क दुसऱ्याचा. जमिनीच्या कागदांत मुरलेला शब्द आहे.

अर्धविराम: उद्या मिक्सरचाही सातबारा काढाल. अहो, लोखंड विकलेलंच आहे. यंत्राचा मालक, सॉफ्टवेअरचा परवानाधारक. विषय संपला.

खर्डेघाशी: संपत नाही ना. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीने 2015 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला लिहिलं होतं की, घेणाऱ्याला वाहन चालेल तोवर ते *चालवण्याचा* गर्भित (न लिहिता गृहीत धरलेला) परवाना मिळतो. मग लोखंडाच्या मालकीचं काय लोणचं घालायचं?

शुद्धमती: मुळात 'मालक' अरबी, 'परवाना' फारसी. स्वामी आणि अनुज्ञाधारक लिहावे.

झेंडूबाम: ट्रॅक्टरस्वामी! लोक पाया पडतील. शिवाय 'स्वामित्वधन' म्हणजे रॉयल्टी, ती तर कंपनीकडे जाते.

अर्धविराम: खरी खोट 'विकत घेणे' या क्रियापदात आहे. 2009 मध्ये ॲमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडल या ई-वाचकावरून परस्पर पुसली. पैसे परत केले, पण विकलेली वस्तू कोणी घरात शिरून नेतं का? कॅलिफोर्नियात 2025 पासून डिजिटल मालाचा नुसता परवाना देत असाल, तर तसं ठळक सांगितल्याशिवाय 'बाय' (विकत घ्या) लिहिता येत नाही.

पोटटीप: उलट बाजू. यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2012 मध्ये म्हटलं की, एकदा किंमत घेऊन बेमुदत वापर दिला की ती विक्रीच, कागदावर 'परवाना' लिहिलं तरी. म्हणून 'मालक' सोडू नका. भाषांतरकाराने कंपनीची वकिली कशाला करायची?

अर्धविराम: आणि मूळ मजकूर बदलायचा तरी कशाला?

शुद्धमती: परवाना म्हणजे पतंग, दिव्यावर झेपावणारा. कराराला तोच अर्थ लागू दिसतो.

खर्डेघाशी: छान. पण शेवटच्या प्रकरणात लिहू काय?

झेंडूबाम: आधी शुद्धमतींनी सांगावं, 'मालकीण'मधला प्रत्यय कुठला अरबी?