जुन्या वर्गमित्रांच्या भेटीत आयुष्याचा वृत्तान्त सांगण्याची फेरी असावी का?

निशिगंध (चर्चाप्रस्ताव)

शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षे उलटली की वर्गाचा स्नेहमेळावा ठरतो, आणि अशा मेळाव्यात एक फेरी हमखास असते. प्रत्येकाने उभे राहायचे आणि शाळेनंतर आपण काय केले ते दोन-तीन मिनिटांत सांगायचे : शिक्षण, नोकरी किंवा व्यवसाय, लग्न, मुले, घर. ही फेरी बंद व्हावी असे माझे ठाम मत आहे.

जुन्या मित्रमैत्रिणींची चौकशी करण्याला माझा अजिबात विरोध नाही. सर्वांसमोर, एकाच साच्यात आणि आळीपाळीने करायला लावलेल्या निवेदनाला आहे. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये असे मांडले होते की, आपण कुठवर आलो हे मोजायला दुसरे माप हाताशी नसले की माणूस स्वतःची इतरांशी तुलना करतो, आणि त्यासाठी आपल्यासारखीच माणसे निवडतो. वर्गमित्रांइतकी आपल्यासारखी माणसे आणखी कोण असणार? वय तेच, शिक्षक तेच आणि सुरुवातही जवळजवळ त्याच रेषेवरून झालेली. म्हणून शेजाऱ्याच्या बढतीने जे वाटत नाही, ते एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीच्या बढतीने वाटते. ते वाटणे स्वाभाविक आहे, पण मेळाव्याची रचनाच त्याला खतपाणी घालत असेल तर रचना बदलायला हवी.

ज्याची नोकरी गेली आहे, जिचा संसार मोडला आहे, ज्याचे मूल आजारी आहे, त्याला किंवा तिला या फेरीत दोनच वाटा उरतात. एक तर खरे सांगून साऱ्या खोलीचा सूर बदलायचा, नाहीतर ‘सगळे छान चालले आहे’ म्हणून खाली बसायचे. तिसरी वाट न येण्याची, आणि अनेक जण तीच धरतात. मग दर वेळी तेच ते चेहरे जमतात आणि ‘बाकीच्यांना वेळच नसतो’ अशी समजूत करून घेतली जाते.

मुक्तछंद (प्रतिसाद)

मला हे पटत नाही. फेरी नसली तर काय होते हे मी जवळून पाहिले आहे. शाळेत जे चार जण सगळ्यांत मोठ्याने बोलत असत, तेच संध्याकाळभर बोलत राहतात, आणि शाळेत जे गप्प असत ते याही वेळी कडेला उभे राहून हसण्यात सामील होतात. फेरीमुळे निदान प्रत्येकाच्या वाट्याला हक्काची दोन मिनिटे येतात.

आमच्या वर्गाच्या भेटीत एक मैत्रीण उभी राहिली, तेव्हा अनेकांना तिचा चेहरा ओळखीचा वाटला तरी नाव आठवेना. तिने नोकरीचा किंवा घराचा उल्लेखही केला नाही. आईला विस्मरणाचा आजार झाल्यापासून ती घरीच होती. आई आता लेकीला ओळखत नाही, पण शाळेतल्या प्रार्थनेची चाल लावली की ओठ हलवते, एवढेच तिने हातातल्या रुमालाची घडी घालत-उलगडत सांगितले आणि ती खाली बसली. त्यानंतर दोघीतिघी जणी तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि मेळावा संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत, कारण त्यांच्याही घरी तेच चालले होते. तिला कोणी सर्वांसमोर विचारलेच नसते, तर ती आपण होऊन बोलली असती का?

शिवाय शाळेनंतरचे काही विचारायचेच नाही म्हटले, तर उरतात फक्त शिक्षकांच्या लकबी आणि वर्गातल्या खोड्या. ती आठवणींची शिदोरी अर्ध्या तासात संपते, आणि समोरचा माणूस आपल्यासाठी पंधरा वर्षांचाच राहतो. मध्ये तो जे जगला त्याची दखल न घेणे, हा मला अपमान वाटतो.

निशिगंध (उत्तर)

आपण सांगितलेला प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, पण त्यातून फेरीचे समर्थन कसे होते ते कळत नाही. त्या मैत्रिणीने फेरीचा साचा मोडला म्हणूनच तिचे बोलणे पोहोचले. एवढे धैर्य प्रत्येकाजवळ असतेच असे नाही, आणि मैत्रीच्या मेळाव्यात शिरायला धैर्याची अट का असावी?

आणखी एक गोष्ट. हॅरी बारिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ३९२ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. शालेय वर्गमित्रांची छायाचित्रे ओळखण्याचे प्रमाण शाळा सोडल्यावर सुमारे पस्तीस वर्षांपर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास टिकते, मात्र मदतीशिवाय नावे आठवण्याची क्षमता त्यामानाने बरीच लवकर घटते, असे त्यात दिसले. चेहरा इतका पक्का लक्षात राहतो म्हणून आपण त्या माणसालाही ओळखतो असा आपला समज होतो, आणि एरवी अनोळखी माणसाला जे विचारायला संकोच वाटला असता ते आपण बेधडक विचारतो : लग्न का केले नाहीस, मूल का नाही, ती नोकरी का सोडलीस.

पाऊलवाट (प्रतिसाद)

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे वर्ग पुन्हा जमलाच पाहिजे. मला तेच मान्य नाही. वर्गमित्र आपण निवडलेले नसतात. आपली नावे एका हजेरीपटावर आली, एवढाच तो योग. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नात्यांचा दीड वर्ष मागोवा घेतला, तेव्हा नातेवाइकांशी असलेली जवळीक बरीचशी टिकून राहिली, पण प्रयत्नपूर्वक न जपलेली मैत्री त्या अवधीतच ओसरू लागली. जी मैत्री ओसरली, ती कदाचित ओसरण्यासारखीच होती.

ज्यांना वर्गात चिडवले गेले, त्यांच्या बाजूनेही पाहा. चिडवणाऱ्याच्या स्मरणात ती गंमत असते किंवा काहीच नसते. ज्याला चिडवले गेले त्याला शब्दन् शब्द पाठ असतो. भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत ते जुने टोपणनाव आपुलकीने हाक मारावी तसे घेतले जाते आणि मधली सगळी कर्तबगारी पुसली जाते. अशा माणसाने फेरीत काय सांगावे हा प्रश्न नंतरचा. त्याला शोधून काढून, न विचारता समूहात घालणे हेच मला आक्षेपार्ह वाटते. आपल्याला समूहात कोणी घालावे हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये दिली, ती गरज होती म्हणूनच. न सापडण्याचा हक्क वर्गमित्रांनीही मानावा.

तटस्थ (प्रतिसाद)

पाऊलवाट यांचा छळाबद्दलचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. टोपणनावे वापरायची नाहीत हे संयोजकांनी आधीच सांगावे, आणि नकार आला तर पुन्हा गळ घालू नये. पण ‘ओसरली ती ओसरण्यासारखीच होती’ हे विधान फार घाईचे आहे.

न येणाऱ्याला भेटायचे नसते असे आपण धरून चालतो. लारा अ‍ॅकनिन आणि गिलियन सँडस्ट्रॉम यांच्या २०२४ मधील संशोधनात ज्यांना संपर्क तुटलेल्या मित्राशी बोलायची इच्छा होती, ज्यांच्याजवळ त्याचा पत्ता किंवा क्रमांक होता आणि ज्यांना संदेश लिहायला वेळही दिला गेला, त्यांच्यापैकी एक तृतीयांशाहून कमी जणांनी तो प्रत्यक्ष पाठवला. इच्छा असूनही हात अडतो. एवढ्या वर्षांनी आपला निरोप समोरच्याला नकोसा होईल, अशी भीती वाटते. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवले की, अशा अनपेक्षित चौकशीचे समोरच्याला किती अप्रूप वाटेल याचा अंदाज आपण कमीच बांधतो.

म्हणून मेळावा हवा आणि त्यात कोणीतरी विचारणारेही हवे. चाळीस जणांच्या वर्गातून चाळीस मित्र मिळणार नाहीत, मिळायचेही नसतात. दोन-तीन जण मिळाले तरी पुष्कळ झाले, आणि ते कोण हे एकमेकांचे काहीच न ऐकता कसे कळणार?

मग फेरीचे काय? ज्यांना सांगायचे आहे त्यांनी आपला वृत्तान्त आधी चार ओळींत लिहून पाठवावा, आणि भेटीचा वेळ मोकळा ठेवावा, असे मी सुचवतो.

मुक्तछंद (उत्तर)

लेखी वृत्तान्ताला माझा सर्वांत जास्त विरोध आहे. लिहिताना माणूस निवड करतो, घासूनपुसून वाक्ये मांडतो, आणि निशिगंध यांना खुपणारी तुलना कागदावर अधिकच धारदार होते. रुमालाशी चाळा करत बोलणाऱ्या माणसाचा आवाज चार ओळींत येत नाही.

साच्याबद्दलचा निशिगंध यांचा आक्षेप मात्र मी विचारात घेतला. नोकरी, घर, मुले हे रकाने वगळून एकच प्रश्न ठेवता येईल : ‘सध्या तुमचा दिवस कशात जातो?’ याचे उत्तर मोठा अधिकारीही देऊ शकतो आणि काम शोधणाराही, आणि आईचे औषधपाणी पाहणारीलाही त्यासाठी सबब शोधावी लागत नाही.

निशिगंध (उत्तर)

प्रश्न नक्कीच चांगला आहे. पण तो उभे राहून का विचारायचा? पाच-सहा जणांच्या घोळक्यात, बसल्या जागी तो विचारला, तर ज्याला टाळायचे आहे तो सहज विषय बदलू शकतो आणि ते कोणाच्या नजरेत भरत नाही. सर्वांसमोरच्या फेरीत ‘मी काही सांगत नाही’ म्हणणे हीसुद्धा एक घोषणाच ठरते. त्यामुळे ऐच्छिक फेरी ही प्रत्यक्षात ऐच्छिक राहत नाही, आणि माझा विरोध अजूनही तिथेच आहे.

मुक्तछंद (उत्तर)

घोळके करायचे असतील, तर निदान ते चिठ्ठ्या टाकून पाडावेत. मोकळे सोडले तर जुने कंपू जसेच्या तसे एकत्र बसतील आणि शाळेत ज्यांना कोणी आपल्यात घेतले नाही, ते पुन्हा एकटे राहतील. ही अट मान्य असेल, तर उभे राहण्याचा आग्रह मी सोडतो.