थीसिससाठी कुष्ठरोग घेऊ, की त्यात आता काही उरलं नाही?

रेसिडेंट_सोलापूर:
एमडी पॅथॉलॉजी, पहिलं वर्ष. त्वचेच्या बायोप्सीवर थीसिस करायचा आहे. माझा कल कुष्ठरोगाकडे. सीनियर म्हणतात, १९६६ ला रिडली-जॉपलिंग या डॉक्टरांनी कुष्ठरोगाचे पाच खाने (प्रकार) पाडले, विषय संपला, तू एआय घे. गोंधळलेय. नवीन काही चाललंय का? कोणाचं वाचू?

काचपट्टी:
तीस वर्षं स्लाइडी बघतेय, म्हणून जरा रागानेच लिहिते. अगं, ते नुसते खाने नाहीत. रुग्णाची प्रतिकारशक्ती किती आहे हे ऊतीतून वाचायची ती रीत आहे. टीटी हे जोरदार प्रतिकाराचं टोक: घट्ट ग्रॅन्युलोमा (संरक्षक पेशींच्या गाठी), जंतू शोधूनही सापडत नाही. एलएल हे प्रतिकार जवळपास नसलेलं टोक: फेसाळ मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी), आत जंतूंचे गठ्ठे. ही दोन टोकं कोणीही ओळखेल. मधल्या बीटी, बीबी, बीएल या तीन खान्यांवर मात्र दोन पॅथॉलॉजिस्टांचं जमत नाही. तुझा थीसिस तिथेच आहे.

आधी वसंत खानोलकर वाच. टाटा मेमोरियलमुळे आपण त्यांना कॅन्सरवाले म्हणूनच ओळखतो, पण कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांत नसांचं काय होतं, हे त्यांनी मुंबईत बसून बारकाईने पाहिलं. आजचं संशोधनही फिरून नसांवरच आलंय. २०१३ मध्ये रंबुक्काना यांच्या गटाने उंदराच्या पेशींत दाखवलं की जंतू नसेभोवतीच्या श्वान पेशीला मागे नेऊन स्टेम सेलसारखी करून टाकतो. २०१७ मध्ये ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिश हा छोटा मासा वापरला. जंतूच्या आवरणातल्या पीजीएल-१ या मेदयुक्त पदार्थामुळे आपलेच मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि नस खराब होते. हा जंतू कल्चरमध्ये वाढतच नाही, म्हणून ही सगळी प्राण्यांची उठाठेव.

एआय जरूर कर. पण त्याला शिकवायला नीट वाचलेल्या स्लाइडी लागतील, त्या कोण वाचणार?

लॅबवाला_मिरज:
मॅडम, जंतू रंगवायची फाइट-फराको पद्धत विसरू नका. साध्या झीएन (झील-नील्सन) रंगात हा जंतू रंग सोडून देतो. आम्ही तुकड्यातलं पॅराफिन (मेण) काढताना झायलीनमध्ये शेंगदाणा तेल घालतो, आम्लही सौम्य ठेवतो. (तेलाची बाटली कुलपात ठेवा. आमची एकदा चहाच्या टपरीवर सापडली होती, भजी चालू होती.)

रेसिडेंट_सोलापूर:
हाहा! तुकडा किती खोल हवा?

काचपट्टी:
चरबी दिसेपर्यंत, चट्ट्याच्या सक्रिय कडेवरून. स्किनवाल्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर वरवरचा तुकडा येतो आणि नस खालीच राहते. एच अँड ई या नेहमीच्या रंगावर नस सापडली नाही तर एस-१०० (नसेच्या पेशी दाखवणारा मार्कर) लाव, तुटकी नसही दिसते. आणि रिपोर्टवर 'नस आढळली नाही' लिहायच्या आधी आणखी चार कट घे.