दुसऱ्याची हॉट रॉड घेतली, म्हणून आवडही त्याचीच ठेवायची?

खाजन:
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "कोणीतरी जीव ओतून बनवलेली हॉट रॉड विकत घ्यायची आणि तिच्यावर आपली आवड थापायची, म्हणजे जुन्या देवळाला टाइल्स लावण्यातला प्रकार." नाव घेतलं नाही, पण गेल्या महिन्यात अशी कापून-बदलून वेगासाठी बनवलेली जुनी गाडी घेतलेला इथे मी एकटाच. तेव्हा उत्तर देणं आलं, आणि ते थोडक्यात होणार नाही.

गाडी १९५७ची डुक्कर फियाट, म्हणजे फियाट ११००. आधीच्या मालकाने नव्वदच्या सुमारास तिचं छप्पर चार बोटं कापलं, गिअर स्टिअरिंगवरून खाली आणला, मागे रुंद चाकं घातली आणि बॉनेटवर लाल-पिवळ्या ज्वाळा काढून घेतल्या. मला ज्वाळा नकोत. एकच गडद निळा हवाय, पणजीच्या फोंताइन्यासमधल्या भिंतींसारखा. खोलगट बकेट सीट काढणार, कारण आई त्यात बसली की तिला उठवायला दोघं लागतात. पुढे डिस्क ब्रेक लावणार. आणि जमलं तर प्रीमियर ११८ एनई या नंतरच्या गाडीचं निस्सानवालं इंजिन. अनमोड घाटात गाडी दोनदा बंद पडली. इंजिनाला चिकटलेला पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते, झालं! पंपावर ओला फडका बांधून वर चढलो. तो फडकाही आधीच्या मालकाचाच. तोही वारसा म्हणून जपायचा का?

आणि हॉट रॉड म्हणजे तरी काय? कॅलिफोर्नियातली पोरं १९३२ची फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून फेकायची आणि सुक्या तळ्यांवर पळवायची. फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक आले १९३९ साली. ते काढून पोरांनी जुन्या गाडीला लावले. १९५५ला शेव्हरोलेचं छोटं व्ही-८ आलं, तर फोर्डचं इंजिन काढून तेच बसवायला लागले. हेन्रीबाबला विचारायला कोणी गेलं नव्हतं.

मिरामारचा म्हातारा:
ते सद्गृहस्थ मी. आडून बोललो ते तुमची लाज राखायला, पण तुम्हीच पुढे आलात.

इतिहास अर्धाच सांगितलात. त्याच पोरांच्या गाड्यांसाठी १९९७ साली पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात वेगळा वर्ग काढला. कारखान्यातून जशा निघाल्या तशा गाड्यांना बक्षिसं देणारी ती जागा. कुणी, कधी, कशासाठी कापली, हे कळणं हीच तिथे त्या गाड्यांची किंमत.

तुमची गाडी मी पाहिली आहे. त्या ज्वाळा मालीम जेटीवर मासेमारी ट्रॉलरची नावं रंगवणाऱ्या हाताच्या आहेत. ज्वाळेचं टोक आत वळतं आणि वळताना ब्रश उचललेला दिसतो. ट्रॉलरच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, रंगवलेल्या लाटेला हाच वळसा असतो. अमेरिकन चित्र बघून आपल्या पेंटरने काढलेली ती लाट आहे हो! स्टिकर नव्हे. तुम्ही तिच्यावर सँडपेपर फिरवणार.

वडिलांची लॅम्ब्रेटा मी अशीच चकचकीत करून घेतली. हँडलवर त्यांच्या अंगठीचा घासून पडलेला ओरखडा होता. पेंटरने तोही बुजवला, वर "काका, बघा, नवीकोरी" म्हणाला. पुढे ती मी फारशी चालवलीच नाही.

खाजन:
ओरखडा तुमच्या वडिलांचा होता, काका. या ज्वाळा माझ्या कोणाच्या?

गॅरेजवाला फोंडा:
तुम्ही दोघे रंगावरून भांडताय. छपराकडे कोणी बघितलं का?

त्या फोर्डला खाली वेगळी चॅसी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा. वरची बॉडी कापा, वाकवा, काढून टाका, गाडी उभी राहते. ११००ला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची पेटी हीच चॅसी. छपराचे खांब कापून पुन्हा जोडले, की सगळा भार त्या वेल्डिंगवर. त्यात आमच्याकडचा पाऊस. दाराखालची पेटी आतून सडते, वरून रंग झक्क. बार्देशातून एक ११०० आली होती, दारावर लोहचुंबक टिकेना. खरवडली तर साडेतीन किलो लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, निघाली, काट्यावर घातली मी. मालक म्हणतो, "लांबी नव्हे, फिनिशिंग!"

आधी गालिचा उचला, पत्रा बघा. मग निळी करा नाहीतर जांभळी. आणि पावसाआधी खालून जुनं ऑइल मारून घ्या.

वेर्णा पठार:
जुनं ऑइल? अजून? रबराची बुशं खातं ते, आणि पहिल्या पावसात सगळं विहिरीत. चांगलं अंडरकोटिंग मिळतं आता.

गॅरेजवाला फोंडा:
अंडरकोटिंगला एक तडा गेला की पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. वरून काळं कुळकुळीत, आत पापड. दर जूनला असे पापड मीच कापतो, मला शिकवू नका.

वेर्णा पठार:
तडा जातो कारण तुमच्यासारखे गंजावरच फासतात! माझ्या जिप्सीला अकरा वर्षं झाली, एक भोक नाही.

गॅरेजवाला फोंडा:
जिप्सी शेडमध्ये, मालक एसीत. तिला भोक पडणार कसं?

शिवोलीकर:
विषय निघालाच आहे तर, हॉट रॉड म्हणजे सायलेन्सर कापणं आलंच ना? आमच्याकडे रात्री दोन वाजता बुलेटी फट फट करत हणजुण्याकडे जातात. घरात आजारी माणूस आहे. आवड म्हणे. तुमची आवड आमच्या खिडकीतून आत का येते?

खाजन:
सायलेन्सर मूळचाच आहे. तुमचा राग खरा, पत्ता चुकला.

पाटो पूल:
कायद्याचं कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही, असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. तेव्हा ११८ एनईचं इंजिन घालायचं तर आधी परवानगी, मग पाना.

दुसरं. २०२१च्या नियमांनी विंटेज नोंदणी आली. गाडी पन्नास वर्षांपुढची हवी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरपाटीवर "व्हीए". पण चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे ज्या जुनेपणासाठी म्हातारेबाब तळमळतायत, तो कागदोपत्री नव्वदीतच मेला. व्हीए मिळाली तरी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. आईला बाजारात न्यायचं विसरा.

मिरामारचा म्हातारा:
कागद कोण विचारतो! छप्पर कापणाराही बिनपरवाना, हाही बिनपरवाना. फरक एवढाच की त्याला हात होता.

खाजन:
हात होता? खांबाच्या जोडात मला वर्तमानपत्राचा बोळा सापडलाय, वर लांबी. हा तुमचा कलावंत.

मिरामारचा म्हातारा:
वेल्डर वेगळा, पेंटर वेगळा. खांब उघडा, मजबूत करा, ब्रेक बदला. ब्रेकला मी कधी नाही म्हटलं? या वयात मलाही त्या गाडीसमोरून रस्ता ओलांडायचा असतो. बॉनेटला हात लावू नका, एवढंच.

खाजन:
ठीक. दुसरं बॉनेट मिळालं तर हे काढून भिंतीला टांगतो. रविवारी येऊन उदबत्ती लावा.

मिरामारचा म्हातारा:
डुक्कर फियाटचं धड बॉनेट शोधायला निघालाय! मिळेपर्यंत ज्वाळा आहेतच. मला घाई नाही.

गॅरेजवाला फोंडा:
मंगळवारी आणा गाडी. सीट, गालिचा घरी काढून, मजुरी वाचेल. आणि वेर्णावाले, तुमची जिप्सीही आणा. पेचकस घेऊन उभा आहे.

वेर्णा पठार:
पेचकस खुपसून भोक पाडणार आणि गंज म्हणणार. ओळखून आहे.