ओपिऑइडला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : पाळीव प्राण्यांच्या ऑपरेशननंतरच्या काळजीवर मराठीत पत्रक लिहितेय. ‘ओपिऑइड’साठी (म्हणजे मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांसाठी) अफूजन्य, मादक, गुंगीचं औषध असे शब्द सुचलेत. कोणता घेऊ?

– ‘अफूजन्य’ घ्या. खसखशीच्या बोंडाचा चीक म्हणजे अफू, आणि मॉर्फिन तिच्यातूनच निघतं.

– मॉर्फिन, कोडीनपुरतं ठीक. फेंटानिल, ट्रॅमाडॉल मात्र कारखान्यात बनतात, अफूचा कणही लागत नाही. शरीरात ती अफूच्याच जागी जाऊन बसतात, म्हणून ‘अफूसदृश वेदनाशामक’ म्हणा. मी पशुवैद्य आहे आणि माझा खरा आग्रह ‘वेदनाशामक’साठी आहे. ‘मादक’ वाचून लोक डोस द्यायलाच बिचकतात. ‘गुंगीकारक’ हा शब्द १९८५च्या कायद्याच्या मराठी नावातच आहे, पण दवाखान्यात तो घात करतो. ॲसप्रोमॅझिन हे नुसतं गुंगी आणणारं औषध दिलं की कुत्रा मान टाकून शांत पडतो, मालकाला वाटतं, दुखायचं थांबलं. दुखणं तसंच असतं, ते सांगायचं त्राण तेवढं गेलेलं असतं.

मांजराचं आणखी वेगळं. ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइड गालाच्या आत, हिरडीपाशी सोडतात. तिथूनच ते रक्तात जातं. मग डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मांजर घुरघुरत पुढच्या पंजांनी गोधडी तुडवत बसतं. ‘गुंगी’ वाचलेला माणूस हे बघून घाबरणारच. (मॉर्फिनने कुत्र्याच्या बाहुल्या उलट बारीक होतात.)

– बिबट्याला डार्ट मारतात, त्या बातम्यांत तर सर्रास ‘गुंगीचं इंजेक्शन’ असतं.

– तिथे चालेल, कारण ते बहुधा केटामिन-झायलाझिन असतं, ओपिऑइड नव्हे. डार्टमधलं ओपिऑइड म्हणजे एटॉर्फिन, हत्ती-गेंड्यांसाठीचं. दोन टनांच्या पांढऱ्या गेंड्याला काही मिलिग्रॅम पुरतं. १९६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझी अभयारण्यातून गेंडे दुसरीकडे नेता आले, त्यात याचा मोठा वाटा. पण माणसाला ती सुई चुकून टोचली तरी जीव जाऊ शकतो, म्हणून उतारा आधी हाताशी ठेवतात.

– ‘उतारा’ की ‘प्रतिविष’?

– उताराच. प्रतिविष म्हटलं की साप डोळ्यांपुढे येतो. नॅलोक्सोन हा ओपिऑइडवरचा उतारा मॉर्फिनला त्याच्या जागेवरून हुसकावतो, चढलेलं उतरवतो. ‘उतारा’त ते नेमकं येतं. मात्र त्याबरोबर वेदनाशमनही उतरतं आणि जनावर शुद्धीवर येता येताच कळवळतं. तेव्हा दुसरं वेदनाशामक लागतं, ही ओळ पत्रकात जरूर घाला.