घाईच्या सकाळी घरचा नाश्ता: तुमच्याकडे खरंच काय टिकलं?

धागाकर्ती, इंदिरानगर

आमच्याकडे सकाळी सहा ते सव्वासात म्हणजे नुसता कल्ला. नवऱ्याची अंबडला पहिली पाळी, कंपनीची बस पाथर्डी फाट्यावर ६:२५ला. मुलीची रिक्षा ६:५०ला. माझं ऑफिस साडेनऊचं, पण नळाला पाणी नेमकं सहाला येतं, त्यामुळे माझा एक पाय मोरीत आणि एक ओट्यापाशी. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मोठ्या हौसेने तक्ता करून फ्रिजवर लावला होता. सोमवारी पोहे, मंगळवारी इडली वगैरे. तक्ता अजून तिथेच आहे, फक्त त्याच्यावर आता गॅसची पावती अडकवलेली असते. पंधरा दिवसांत ब्रेड-बटरवर आलो. गेल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "आई, आज काहीच नको, शाळेत डबा खाईन." डब्याची सुट्टी साडेदहाला!

म्हणून नाशिककरांसाठी हा धागा. पाककृती पाहिजे तेवढ्या मिळतात, मला तुमची सकाळ हवी आहे. कोण उठतं, कोण करतं, रात्री काय करून ठेवता, काय फसलं. अट एकच, घरात निदान दोन महिने टिकलेलं असेल तेच लिहा. आणि "दहा मिनिटांत तयार" म्हणून सहा तास भिजवणं लपवू नका.

माझं टिकलेलं एकच. पोह्यांची फोडणी मी रात्रीच करते. मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्ता, भरपूर कांदा, हळद, सगळं परतून, गार झालं की स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. सकाळी जाड पोहे चाळणीत धुऊन मीठ-साखर लावायची, कढईत फोडणी गरम करायची, पोहे टाकायचे, एक वाफ. चहा उकळेपर्यंत झालेले असतात. कच्चा कांदा चिरून ठेवला तर अख्ख्या फ्रिजला वास लागतो, दुधालासुद्धा. परतलेल्याचा तेवढा लागत नाही. शेंगदाणे मात्र फोडणीत रात्रभर ठेवू नका, मऊ पडतात. मी तळून वेगळ्या वाटीत ठेवते आणि वरून घालते. नवरा वाटीतले अर्धे येता-जाता संपवतो, ते वेगळं.

नाशिकरोडचा पासवाला

ताई, मी पंचवटी एक्सप्रेसने अप-डाऊन करतो. गाडी नाशिकरोडला सातच्या सुमाराला, घरातून साडेसहाला निघावं लागतं. त्या वेळी माझ्या पोटात काही जात नाही, इगतपुरी आली की मग भूक लागते. त्यामुळे माझा नाश्ता गाडीत खाता येईल असा, हात न बरबटणारा आणि शेजाऱ्याला वासाचा त्रास न होणारा हवा. शेवटचं महत्त्वाचं. एकदा लसणाचा ठेचा नेला होता, अख्ख्या डब्याने मान वळवून बघितलं.

टिकल्या त्या दशम्या. आईकडून शिकलो. पाणी अजिबात नाही, कणीक कोमट दुधातच भिजवायची. त्या दुधात गूळ विरघळवायचा, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पोळीपेक्षा जाड लाटायची आणि मंद आचेवर भाजायची, कारण गुळामुळे पटकन करपते. रविवारी आणि बुधवारी रात्री आठ-आठ करतो. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, तिसऱ्या दिवशी जराशा चिवट होतात, तेव्हा चहात बुडवायच्या. हिवाळ्यात हे जमतं. मे महिन्यात दुधातली कणीक फार ठेवू नका, एकदा आंबूस वास आला आणि सगळ्या गाईला गेल्या.

सिडकोची सून

माझ्या सासूबाई जळगावकडच्या. त्यांच्या मते नाश्ता हा प्रकारच बिनकामाचा, सकाळी उठून सरळ भाकरी खावी. लग्न झाल्यावर मला याचा राग यायचा. आता रोज तेच करते! रात्री कळण्याच्या दोन भाकरी जास्तीच्या टाकते (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ). सकाळी त्या कुस्करून लसूण-मिरचीच्या फोडणीत परतायच्या, पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवायचं. वर कच्चं तेल आणि कांदा. पाच मिनिटांचं काम.

कुस्करा कोरडा कोरडा होतो अशी तक्रार असते बऱ्याच जणांची. तसं होत असेल तर पाण्याऐवजी ताक मारा. दोन पळ्या आंबट ताक. पुढे काही सांगत नाही, करून बघा.

कॉलेजरोड, पीजी, एक इंडक्शन

मी इथे पेइंग गेस्ट म्हणून एकटा राहतो. ओटा नाही, फ्रिज सामायिक आणि त्यात ठेवलेलं दुसऱ्याच्या पोटात जातं. म्हणून फ्रिजशिवाय टिकेल असं शोधत होतो. आईने फोनवर सांगितलेलं उपम्याचं कोरडं मिश्रण: अर्धा किलो रवा, चार चमचे तेल, मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता, सुकी लाल मिरची, हिंग, मीठ. आधी फोडणी, त्यात रवा खमंग भाजायचा, पूर्ण गार झाला की बरणीत. सकाळी एक वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी, ढवळून पाच मिनिटं झाकण. मी ते डब्यातच करतो, त्यामुळे घासायला एकच भांडं.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून हिरव्या मिरच्या घातल्या होत्या. नीट तळल्या गेल्या नव्हत्या, ओल राहिली. आठव्या दिवशी बरणीत पांढरी बुरशी. अर्धा किलो रवा वाया. गॅलरीतल्या कबुतरांना टाकावा म्हटलं तर तीही फिरकली नाहीत. कढीपत्ता चुरचुरीत होईपर्यंत तळायचा, मिरची सुकीच, आणि बरणीत ओला चमचा कधीही नाही.

पंचवटी, गंगेजवळ

पोह्यांत साखर??

धागाकर्ती, इंदिरानगर

हो. चिमूटभर. यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

गंगापूररोड

नाशिकच्या थंडीत इडलीचं पीठ फुगवून दाखवा, मग बोलू. डिसेंबरात इथला पारा दहाच्या खाली जातो, निफाडचा तर दर वर्षी बातम्यांत असतो. मी रात्री दहाला वाटून ठेवलं, सकाळी सहाला बघितलं तर जसंच्या तसं, आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखं गाढ झोपलेलं. तशाच इडल्या लावल्या. मुलगा म्हणाला, याने क्रिकेट खेळता येईल.

आता थंडीत असं करते: तांदूळ तीन वाट्या, उडीद डाळ एक वाटी, अर्धा चमचा मेथ्या, सकाळी भिजत घालायचं. वाटताना मूठभर भिजवलेले पोहे. वाटायला कोमट पाणी. संध्याकाळी सहाच्या आत वाटून झालंच पाहिजे, म्हणजे बारा-चौदा तास मिळतात. पातेलं मोठ्या डब्यात, डब्यावर जुनी गोधडी. पण खरं सांगते, रोज ऑफिसातून सहाच्या आत घरी येणारी बाई मला माहीत नाही. त्यामुळे आमच्याकडे इडली फक्त रविवारची. उन्हाळ्यात याच्या उलट, मे महिन्यात झाकण उचलून पीठ ओट्यावर आणि त्यात मुंग्या.

पेठरोड, शिक्षिका

माझी शाळा पेठ तालुक्यात, सकाळी जीप पकडावी लागते. तिकडे नाचणीला सगळे नागलीच म्हणतात, मीही आता तेच म्हणते. पहिल्या वर्षी मी उपाशीच निघायचे आणि घाटात वळणांवर मळमळायचं. एका विद्यार्थिनीच्या आजीने आंबील पाजली, तेव्हापासून रोज तीच.

रात्री दोन मोठे चमचे नागलीचं पीठ वाटीभर ताकात कालवून ओट्यावर ठेवते. सकाळी दीड वाटी पाणी उकळलं की कालवलेलं पीठ पुन्हा एकदा ढवळायचं (खाली बसलेलं असतं), एका हाताने ओतायचं, दुसऱ्या हाताने ढवळायचं. गुठळी झाली की गेलं, ती पुढे फुटत नाही. पाच-सहा मिनिटांत रंग गडद होतो, चकाकी येते आणि पळीवरून धार संथ पडायला लागते, तेव्हा बंद. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. गार होताना घट्ट होते, म्हणून आधीच पातळ ठेवा. मी स्टीलच्या थर्मासमध्ये नेते आणि जीपमध्ये पिते. आता मळमळत नाही.

घरात मात्र दुसरं कुणी पीत नाही. लेक म्हणतो सिमेंट.

दिंडोरी तालुका, द्राक्षवाला

आमची सकाळ तुमच्यापेक्षा लवकर. गोडी छाटणी (द्राक्षाला घड यावेत म्हणून करतात ती) झाली की पुढे फवारण्या सुरू, वारा सुटायच्या आत ब्लोअर फिरवून व्हावं लागतं. औषध मारायला उपाशी जायचं नाही, हा वडिलांचा नियम. साडेपाचला काय करणार? रात्रीची बाजरीची भाकरी कुस्करायची, वर गरम दूध, गुळाचा खडा. ताटली झाकून चहा होईपर्यंत ठेवायची. भाकरी दूध पिऊन फुगते, चमच्याने खायची. बाईमाणसाला उठवायची गरज नाही, हे सगळं मी स्वतः करतो. खरा नाश्ता नऊला बांधावर, कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन.

एक सांगतो, बाजरीचं पीठ महिन्याचं दळून आणू नका, कडू होतं. आठ-दहा दिवसांचंच आणा.

महात्मानगर

सगळं वाचलं. धागाकर्ती ताई, राग मानू नका, एक विचारू? पाणी तुम्ही भरायचं, फोडणी रात्री तुम्ही करायची, शेंगदाणे तुम्ही तळायचे आणि खायचे त्यांनी. दिंडोरीच्या दादांना साडेपाचला जमतं, तुमच्याकडे का नाही?

धागाकर्ती, इंदिरानगर

राग नाही. काल हा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. थोडा वेळ शांतता होती. आज पोहे धुवायचं काम त्याने केलं, आणि पातेल्यात पाण्यात बुडवून ठेवले. लापशी झाली. पण खाल्ली सगळ्यांनी.

जेलरोड, आजोबा

मी प्रेसमधून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. सून रुग्णालयात नर्स आहे, मुलगा सातपूरला. सकाळचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. बायको होती तोवर मला चहासुद्धा येत नव्हता.

माझा पदार्थ थालीपीठ. भाजणी वर्षातून तीनदा करतो. ज्वारी एक किलो, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ प्रत्येकी अर्धा, उडीद डाळ आणि गहू पाव-पाव, धणे शंभर ग्रॅम, जिरं पन्नास. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, एकत्र टाकलं तर जिरं जळतं आणि हरभरा कच्चा राहतो. डाळ गुलाबी झाली की उतरवायची. सगळं मिळून दीड-दोन तास जातात, रेडिओ लावून बसतो.

रात्री पीठ भिजवून ठेवायचं असेल तर कांदा घालू नका. कांद्याला पाणी सुटून पीठ सैल पडतं आणि सकाळी तव्यावर पसरवताना फाटतं. कांदा, कोथिंबीर सकाळी. एका थालीपिठाला चार-पाच मिनिटं लागतात, माणसं चार, म्हणजे वीस मिनिटं. त्यावर माझा उपाय दोन तवे. एकावर थापलेलं झाकून ठेवायचं, तोवर दुसरं ओल्या फडक्यावर थापायचं. मध्ये भोक पाडून तेल सोडायला विसरायचं नाही. सूनबाई रात्रपाळी करून साडेआठला येते, तिचं शेवटचं, ते मी ती दारात आल्यावरच टाकतो. गार थालीपीठ म्हणजे चामडं.

जेलरोडचीच सून

बाबा इथेही आहेत हे मला आत्ता कळलं. थालीपीठ खरंच छान असतं. पण बाबा, लोण्याचा गोळा लिंबाएवढा असतो हे लिहिलं नाहीत.

म्हसरूळ

सोमवारच्या उपवासाला माझं ठरलेलं. वाटीभर भगर आणि दोन चमचे साबुदाणा रात्री भिजत, सकाळी मिरची-जिऱ्याबरोबर मिक्सरमधून काढून धिरडी. आंबवायची भानगड नाही. पहिलं धिरडं तव्याला चिकटतंच, ते करणाऱ्याने खायचं.

अशोकामार्ग

नाशिकच्या धाग्यावर मिसळीचं नाव कुणीच काढलं नाही, आश्चर्य आहे.

सिडकोची सून

मिसळ घाईची नसते हो. मळ्यातल्या मिसळीला रविवारी तासभर नंबर लावून बसतो आपण. घरी करायची तर शनिवारी मटकीला मोड आणलेले हवेत. आमच्याकडे मात्र रविवारचा कट उरला तर सोमवारी त्यात फरसाण आणि कालचा पाव. नाश्ता सुटतो.

धागाकर्ती, इंदिरानगर

दहा दिवस झाले, कळवायचं होतं. ताकातला कुस्करा आमच्याकडे बसला. कोरडं उपमा मिश्रण नवरा स्वतः करून घेतो, बस चुकत नाही. आंबील मी एकटी पिते. आजोबांची भाजणी रविवारी भाजली, निम्मी मुलीने भाजली, हरभरा डाळ थोडी जास्त लाल झाली. आता दळायला न्यायची आहे. गिरणीत काय सांगू?

जेलरोड, आजोबा

जाडसर दळा म्हणावं, बोटाला किंचित रवाळ लागलं पाहिजे. आणि आधी विचारायचं, शेवटचं काय दळलं. मिरची किंवा मसाला असेल तर परत यायचं. ज्वारीनंतर नंबर लावायचा. घरी आल्यावर पिशवी लगेच बांधू नका, परातीत पसरून गार होऊ द्या, नाहीतर डब्यात घाम धरतं. डाळ लाल झाली तरी चालेल, काळी नको.