बोअरच्या पाण्यावर आरओचा मेंब्रेन टिकत नाही, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, सोलापूरला राहतो, घरात साधा ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन) आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं मशीन आहे आणि दीड वर्षात दोन मेंब्रेन (क्षार अडवणारी आतली बारीक गाळणी) गेले. परवा जुना काढून हाताने सोलून बघितला तर आत पांढरी खरखरीत पूड, चुन्यासारखी, व्हिनेगर टाकल्यावर फसफसली म्हणजे क्षारच. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १४५० आणि हार्डनेस (त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) ६२० आलाय. माहितीपत्रकात टीडीएस २००० पर्यंत चालेल लिहिलंय म्हणून निर्धास्त होतो, हार्डनेसची ओळ कोण वाचतो!

सर्व्हिसवाला म्हणतो वेस्टचं (आरओ बाहेर टाकतो ते) पाणी कमी करून देतो, त्याचा प्रवाह रोखणारा रिस्ट्रिक्टर बदलू. पण मला उलटं वाटतंय, वेस्ट कमी केलं की उरलेल्या पाण्यात क्षार अजून दाट होणार आणि तेच मेंब्रेनवर बसणार ना?

दुसरं म्हणजे उन्हाळ्यात टँकर येतो, त्याला क्लोरीनचा वास इतका की डोळे चुरचुरतात. आरओतल्या पॉलिअमाइड (एक प्रकारचं प्लास्टिक) मेंब्रेनला क्लोरीन चालत नाही हे माहितीये, पण क्लोरीन काढणारा आमचा कार्बन फिल्टर वर्षभर तोच आहे (चूक माझीच). त्यात गच्चीवरची काळी टाकी, मे महिन्यात दुपारी नळाखाली हात धरवत नाही, तेव्हा शुद्ध पाण्याचा टीडीएसपण चढतो.

तर आधी सॉफ्टनर (हार्डनेस काढून टाकणारं यंत्र) बसवू की अँटिस्केलंटची (क्षार मेंब्रेनवर बसू न देणाऱ्या रसायनाची) कार्ट्रिज पुरेल? आणि गरम पाण्याचं काय करता तुम्ही लोक? एवढ्या हार्डनेसवर ज्यांचा आरओ नीट चालू आहे त्यांनी प्लीज सांगा, तिसरा मेंब्रेन आणून तसाच पडलाय, बसवायला हात धजत नाही.